संत्र्याचा अर्क म्हणे! भरतीच्या पोरांनी हे प्यावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे द्राक्षांच्या आणि पाणीपट्टीच्या धाग्यांवर गुपचूप वाचत असतो. आज घरातला विषय घेऊन आलोय.

भाचा, वय २१, पोलीस भरतीच्या तयारीसाठी चार महिने आमच्याकडे सांगलीला राहतोय. पहाटे साडेचारला उठून मैदानावर जातो. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. पोरगं कष्टाळू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेले पंधरा-वीस दिवस काहीतरी बिनसलंय. रात्री एक-दीडपर्यंत डोळा लागत नाही, जेवण निम्म्यावर आलंय, आणि परवा चहा हातात घेतला तर कपबशी वाजायला लागली. हिने माझं बीपीचं मशीन त्याच्या दंडाला लावलं. वरचं १४८, ठोके १२४. मैदानावरून येऊन दीड तास झाला होता तेव्हा.

कपाटात डबा सापडला. लेबलावर एका 'मिश्रणा'चं वजन २.४ ग्रॅम आणि खाली सात-आठ नावं: कॅफिन, हिरव्या चहाचा अर्क, 'सिट्रस ऑरँटियम अर्क' वगैरे. कशाचं किती, त्याचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणतो, "मामा, केमिकल नाही ते. कडू संत्र्याचा अर्क आहे, नॅचरल. सगळी पोरं घेत्यात."

संत्र्याने ठोके वाढतात का? की मीच उगाच घाबरलोय? डबा काढून घेतला तर हा रुसून गावी जाईल आणि ताई मला फोनवर सोलून काढेल, हेही ध्यानात घेऊन सल्ला द्या.

तासगावचा_बेदाणा
संत्र्याने ठोके वाढत असते तर नागपुरात कुणी झोपलंच नसतं.

बांधावरचा
तंबाखू पण नॅचरलच की. निपाणीहून ताजी येते आमच्याकडे.

मिरज_काउंटर
औषधाच्या दुकानात बावीस वर्षं झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

कडू संत्र्याच्या सालीत आणि कोवळ्या फळात सिनेफ्रिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या साध्या संत्र्यातही असतं, पण किरकोळ. अर्क करताना तेच गोळा करून घट्ट करतात, त्यामुळे फळ खाणं आणि चमचाभर अर्क पिणं याची तुलनाच नको. हे द्रव्य आपल्या शरीरातल्या अ‍ॅड्रिनॅलिनच्या गोतावळ्यातलं.

ते डब्यात का आलं, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आधी या धंद्याचा राजा होता इफेड्रा नावाचं झुडूप. चीनमध्ये त्याला मा हुआंग म्हणतात, दम्यावर पूर्वापार वापरात. त्यातलं इफेड्रिन जपानच्या नागाई नागायोशींनी १८८५ मध्ये वेगळं काढलं. पुढे अमेरिकेत वजन उतरवायच्या गोळ्यांत ते सर्रास पडायला लागलं. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेकलर नावाचा तरुण बेसबॉल खेळाडू फ्लोरिडात सरावाच्या वेळी उष्माघाताने गेला, तपासात इफेड्राचं नाव आलं. २००४ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामकाने, पुरवणी उत्पादनांतल्या (सप्लिमेंटमधल्या) इफेड्रावर बंदी घातली. मग कंपन्यांनी काय केलं? डब्यावर 'इफेड्रामुक्त' छापलं आणि आत कडू संत्रं घातलं.

आता घाबरवणं पुरे, दुसरी बाजूही सांगतो. सिनेफ्रिन हे इफेड्रिनपेक्षा बरंच सौम्य आहे. इफेड्रिन मेंदूत सहज शिरतं, हे तितकं शिरत नाही. एकटं सिनेफ्रिन, थोड्या मात्रेत, धडधाकट माणसाला फारसं काही करत नाही. छातीत धडधड, छातीत दुखणं, क्वचित हार्ट अटॅक अशा ज्या नोंदी आहेत त्यातल्या बहुतेक कॅफिनसोबतच्या मिश्रणाच्या आहेत. आणि तुमच्या डब्यात नेमकं मिश्रणच आहे.

१२४ ठोके दीड तासानंतर? डबा आज बंद. डॉक्टरांकडे उद्या. ताईंच्या फोनचं नंतर बघू.

लोखंडे_हे_आडनाव_नाही
आला का नेहमीचा धागा! जिम म्हटलं की सगळ्यांना पोरं मरताना दिसायला लागतात.

मी तीन वर्षं प्री-वर्कआऊट, म्हणजे व्यायामाआधीची असलीच पावडर, घेतोय. विश्रामबागच्या जिममध्ये निम्मी पोरं घेतात. झोप नीट, बीपी नीट, दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो. काउंटर काका स्वतःच म्हणतायत सौम्य आहे. मग? पोराने रिकाम्या पोटी दोन स्कूप मारले असतील. हा डब्याचा दोष की पोराचा? आणि संध्याकाळी घेतला असेल तर झोप कशी लागणार? कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

मिरज_काउंटर
लोखंडे, कॅफिनचं बरोबर बोललात. पण एक सांगा, तुमच्या डब्यात एका स्कूपला सिनेफ्रिन किती?

लोखंडे_हे_आडनाव_नाही
बघून सांगतो.

लोखंडे_हे_आडनाव_नाही
लिहिलेलं नाही. 'एनर्जी मॅट्रिक्स ३ ग्रॅम' एवढंच आहे.

तासगावचा_बेदाणा
मॅट्रिक्स म्हणजे आमच्या वेळची दहावी. त्यातही गुण कळायचे.

जुना_पैलवान
आमच्या काळात असलं काही नव्हतं. पहाटे तालमीत हजारभर जोर-बैठका, मग बदाम-खसखस वाटून केलेली थंडाई, दूध, तूप, आणि दुपारी ताणून झोप. गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते कुठला स्कूप मारून? आताच्या पोरांना झोप नको, खुराक नको, डबा पाहिजे.

सातारा_चढण
पैलवान, तुमच्या खुराकाला तोड नाही, पण 'आमच्या काळी नव्हतं' हे काही खरं नाही. माझे चुलते सत्तरच्या दशकात कुस्ती करायचे. मैदानाआधी काय काय हुंगलं, चघळलं, गिळलं जायचं ते स्वतःच हसत सांगतात. मोह जुनाच आहे, फक्त आता त्याला झाकण आणि चमचा आलाय.

मी साताऱ्याचा, हौशी धावणारा. माझा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी घाटातल्या अर्धमॅरेथॉनआधी एका मित्राने असलाच एक स्कूप बाटलीत ढवळून दिला. चव संत्र्याचीच होती, म्हणजे गोळीवाल्या संत्र्याची. पोवई नाक्यापासून पहिले तीनचार किलोमीटर मी राजा. समर्थ मंदिराकडे चढ लागला तेव्हा शेजारच्यांना सल्ले देत पळत होतो. यवतेश्वरच्या वळणांवर घड्याळात ठोके १९६ दिसले. माझे त्या वेगाला १७०च्या वर जात नाहीत. हवा गार होती, धुकं होतं, आणि मला मात्र आतून तापल्यासारखं. तोंड कोरडं, हाताला मुंग्या. कठड्यावर बसलो आणि ओकलो. एका आजोबांनी, वय सत्तर असेल, मला ओलांडताना विचारलं, "काय पाव्हणं, इथंच मुक्काम का?"

दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्याच्या आदल्या वर्षी केळी खाऊन दोन तास अठरा.

आता इतक्या दिवसांनी वाटतं की सगळ्यात घातक गोष्ट होती ते पहिले चार किलोमीटर. शरीर 'हळू' म्हणत होतं, ते मला ऐकूच आलं नाही.

तासगावचा_बेदाणा
त्या आजोबांचा पत्ता मिळेल का? गुरू करायचाय.

कराडची_वैद्य
कडू संत्र्याचं कोवळं सुकवलेलं फळ चिनी वैद्यकात पोटफुगी-अपचनावर देतात, काढ्यात, इतर द्रव्यांसोबत. वजन उतरवायला किंवा धावायला नव्हे. झाडाचा वापर एक आणि डब्यावरचा दावा दुसराच, हे आमच्या औषधांच्या बाबतीतही रोज बघते.

इफेड्राचा विषय निघालाय म्हणून: हिमालयात त्याची एक जात होते, तिला सोमलता म्हणतात. आणि आपल्या इथे बांधावर जो चिकणा उगवतो, म्हणजे बला, त्यातही थोडं इफेड्रिन असतं. आम्ही ती तेलात, क्षीरपाकात वापरतो, मात्रा ठरलेली असते. तिकडे 'सिडा कॉर्डिफोलिया अर्क' नावाने ती वजनाच्या गोळ्यांत घालून विकली गेली. त्यामुळे लेबलावर ओळखीचं झाड दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

बांधावरचा
वैद्यबाई, आमच्या बांधावर ढीगभर चिकणा आहे. म्हैस रोज तोंड लावते. पण गोठ्यातून धारेच्या जागेपर्यंत यायला तिला अर्धा तास लागतो.

कराडची_वैद्य
म्हशीला सोळाशे मीटरची मुदत दिलीये का तुम्ही?

लोखंडे_हे_आडनाव_नाही
इफेड्राचं पाप संत्र्याच्या माथी मारताय तुम्ही सगळे. बंदी इफेड्रावर आहे. सिनेफ्रिन 'वाडा'च्या, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदीच्या यादीतसुद्धा नाही. शोधून बघा.

धावपट्टी_सोडलेली
लोखंडे, निम्मं बरोबर. मी राष्ट्रीय स्तरावर धावलेय, उत्तेजक चाचणीला दोनदा नमुना दिलाय, त्यामुळे या याद्या पाठ आहेत.

वाडाच्या यादीत सिनेफ्रिन बंदीत नाही, ते 'निरीक्षणा'खाली आहे. म्हणजे वापर किती होतो यावर त्यांची नजर आहे. कॅफिनही तसंच, २००४ पासून बंदीतून काढून निरीक्षणात टाकलं. पण अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, एनसीएएने, सिनेफ्रिनवर बंदी ठेवलीये. एकच द्रव्य, दोन पंच.

खरी भीती शेजारच्या नावांची. 'जिरॅनियमचा अर्क' म्हणून जे विकलं गेलं ते मिथाइलहेक्झानअमीन, बंदीतलं उत्तेजक. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले काही खेळाडू, त्यात पैलवानही, त्याच्यात सापडले होते. दुसरं हायजेनामाइन. कमळाच्या बीच्या कोंबात असतं, लेबलावर 'नेलंबो न्युसिफेरा' असं देखणं नाव. २०१७ पासून ते वाडाच्या यादीत नावानिशी आहे, स्पर्धा असो वा नसो, कायम बंदी. नमुन्यात सापडलं की 'मला माहीत नव्हतं' या वाक्याने सुटका होत नाही. शिक्षा थोडी कमी होईल, पण डाग राहतो.

माझ्या बरोबरची एक मुलगी अशीच दोन वर्षं बाहेर बसली. डबा तिला तिच्याच प्रशिक्षकाने दिला होता. आता ती शिवणकाम करते. नाव सांगणार नाही.

जुना_पैलवान
ताई, हे वाचून गप्प झालो. सातारा_चढण, तुमचंही खरं आहे. आमच्या तालमीतला एक गडी जत्रेच्या कुस्तीआधी काहीबाही घेऊन उतरायचा. डोळे असे तारवटलेले. जिंकायचा. चाळिशीत गेला. कशाने गेला ते कुणी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही.

कॉफी_आणि_कांदाभजी
एक प्रामाणिक शंका. याचा फायदा तरी होतो का? वेळ खरंच कमी होते का?

मिरज_काउंटर
कॅफिनचा होतो, ते बऱ्यापैकी सिद्ध आहे. सिनेफ्रिनबद्दल माझ्या वाचनात आलेल्या चाचण्यांत असं दिसलं की हलक्या-मध्यम व्यायामात शरीर चरबी थोडी जास्त जाळतं, पण उडी, धाव, जोर यात फरक पडला नाही. वजन उतरल्याचाही धड पुरावा नाही.

मात्रेबद्दल तज्ज्ञांचंही एकमत नाही. कॅनडाने धडधाकट प्रौढांसाठी दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली, कॅफिन सोबत असेल तर त्याहून कमी. जर्मनीची जोखीम तपासणारी सरकारी संस्था म्हणते पुरवणीतून ६.७ मिलिग्रॅमच्या वर नको. कुठे ५० आणि कुठे पावणेसात! आणि आपल्या डब्यावर आकडाच नाही, मग कुणाचं ऐकायचं?

कॅफिनचा हिशोब तरी सोपा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, ईएफएसएच्या, मते धडधाकट प्रौढाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. काही डब्यांच्या एकाच स्कूपमध्ये ३०० भरतं. वर टपरीचे चार चहा.

आणखी एक. कृष्णाकाठ, पोराला सध्या सर्दी आहे का? सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. ते सिनेफ्रिनचं सख्खं भावंड, रेणूत एक तुकडा इकडचा तिकडे बसलेला, एवढाच फरक. पण रक्तवाहिन्या आवळण्यात हे भावंड जास्त तापट. गंमत म्हणजे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही. म्हणजे नाक चोंदलेलंच, वर नको ते सोबतीला.

कॉफी_आणि_कांदाभजी
माझ्या सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे आणि त्या कडू संत्र्याचा मार्मालेड खातात. लंडनहून नणंद आणते. आता काय?

मिरज_काउंटर
कडू संत्र्याच्या रसाचा काही औषधांशी खटका उडतो, ग्रेपफ्रूटसारखाच. आतड्यात औषध मोडणारं एक विकर त्याने दबतं आणि औषध रक्तात जास्त चढतं. फेलोडिपिन या बीपीच्या गोळीबाबत ते दिसलेलं आहे. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवून विचारा. पोळीला चमचाभर लावण्यावरून नणंदेशी भांडू नका.

तासगावचा_बेदाणा
भांडायचं निमित्त मिळालं होतं, तेही काउंटर काकांनी काढून घेतलं.

कृष्णाकाठ
मंडळी, चार दिवसांनी येतोय. सगळं वाचलं, हिलाही वाचून दाखवलं. म्हशीवर ती खूप हसली.

काउंटर काका, तुमचं तोंड गोड करायला पाहिजे. सर्दी होती. आठ दिवस तो सर्दीची गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होता, लेबल बघितलं, फेनिलेफ्रिन होतंच. शिवाय बॅगेत दुसरी बाटली निघाली, 'फॅट बर्नर'च्या कॅप्सूल. त्यातही कॅफिन, त्यातही तेच कडू संत्रं. भरतीआधी चार किलो कमी करायचं म्हणून चालू होतं. म्हणजे पहाटे स्कूप, दहाला कॅप्सूल, गोळ्या दोन वेळा, आणि अकॅडमीबाहेरचे चहा वेगळे. त्याच्या डोक्यात ही चार वेगवेगळी कामं होती. एक जोरासाठी, एक वजनासाठी, एक सर्दीसाठी, चहा सवयीचा. शरीराला मात्र तो एकच मारा चालला होता.

डॉक्टरांकडे नेलं. इसीजी काढला, ठोके जलद एवढंच, बाकी ठीक. थायरॉइडही तपासलं, नॉर्मल. सगळं बंद करायला सांगितलं. पहिले दोन दिवस डोकं भयंकर दुखलं, चिडचिड, मामीवरसुद्धा ओरडला, मग स्वतःच रडला. डॉक्टर म्हणाले कॅफिन सुटताना असं होतं. काल रात्री दहाला झोपला. आज सकाळी ठोके ७२.

विकणाऱ्याकडे गेलो होतो. 'आमच्याकडे तक्रार नाही कुणाची' म्हणाला. लेबलावर कशाचं किती का नाही, यावर 'कंपनीचं सीक्रेट असतंय ते' असं उत्तर मिळालं. पुढे वाद घातला नाही.

सोळाशे_मीटर
नमस्कार. मी भाचा. मामाने धागा दाखवला, म्हणून खातं काढलं.

कपबशीचं सगळ्यांना सांगायची गरज नव्हती मामा.

एक लिहायचं होतं. इथं बरेच जण म्हणतात पोरं शॉर्टकट बघतात. सोळाशेला पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं तर वीसपैकी वीस. माझं पाच एकतीस. त्या एकवीस सेकंदांसाठी मी आठ महिने पळतोय. गेल्या वेळी दोन मार्कांनी राहिलो. आमच्या बॅचमधला डबा घेणारा पुढं पळताना दिसला की रात्री झोप लागत नाही, डबा न घेताच. मला संत्र्याचं माहीत नव्हतं हे खरं, पण माहीत असतं तरी मी एकदा घेतला असता. खोटं कशाला बोलू.

आज बिना डब्याचं मोजलं. पाच तीस. डबा घेऊन सगळ्यात चांगलं पाच एकतीसच होतं. घेतल्यावर मात्र असं वाटायचं की पाच मिनिटांत आलो. घड्याळ बघितलं की राग यायचा.

सातारा_चढण
भाचेराव, हाच तो पहिल्या चार किलोमीटरचा राजा. ओळखलं मी त्याला.

पाच तीसवरून पाच दहाला यायला हरकत नाही, आठवड्यात वेगाचे दोन दिवस पाहिजेत. ४०० मीटरचे चार फेरे, प्रत्येकी ७६-७७ सेकंद, मध्ये नीट विश्रांती. रोज सोळाशे जीव खाऊन पळत असशील तर तेच चुकतंय. एखाद्या रविवारी साताऱ्याला ये, घाट चढवतो. बस स्टँडवर घ्यायला येईन.

सोळाशे_मीटर
रोजच पळतोय जीव खाऊन. येतो सर.

चहा चालेल का?

मिरज_काउंटर
दोन कप. सध्या दुपारी चारनंतर नको. सर्दी झाली तर वाफ घे आणि दुकानात 'भरतीची तयारी करतोय' असं सांगून मग औषध माग.

धावपट्टी_सोडलेली
आणि 'नाडा'च्या (वाडासारखीच आपल्या देशातली संस्था) संकेतस्थळावर औषधाचं नाव टाकून बघायची सोय आहे, ती वापरायला शीक. पण ती औषधांसाठी. डब्यांची खात्री त्यावरून होत नाही, आणि डब्यावरच्या एफएसएसएआय क्रमांकावरूनही होत नाही. वर्दीत गेल्यावर पोलीस खेळांत उतरलास तर कामाला येईल.

जुना_पैलवान
पोरा, आमच्याकडं ये. थंडाई पाजतो. वजनाचं नंतर बघू.

लोखंडे_हे_आडनाव_नाही
सगळं वाचलं. कंपनीला मेल टाकून विचारलंय की ३ ग्रॅममध्ये सिनेफ्रिन किती. सहा दिवस झाले, उत्तर नाही. तोवर झाकण लावून ठेवलंय. कॉफीवर भागवतोय, हात जड लागतायत पण चालतंय.

कृष्णाकाठ, तुमच्या त्या डब्याचं काय केलंत? निम्मा शिल्लक असेल ना?

कृष्णाकाठ
मोरीत ओतला. हिने वर दोन बादल्या पाणी टाकलं, कारण म्हणे मोरीतून संत्र्याच्या गोळीचा वास येत होता.

बांधावरचा
बघा हं. आता तुमच्या गटारातली झुरळं पाच दहात यायची.